दारे आहेत, दाखवणारा हवा



आठव्या वेतन आयोगापुढे काय मांडावयाचे याची चर्चा सध्या शाखाशाखांतून चालू आहे. ती झालीच पाहिजे. परंतु या वेळी या जागेवर आम्ही दुसरा विषय घेत आहोत. ज्यांना कोणताच वेतन आयोग लागू नाही, पण जे आपल्याच फलाटावर झाडू मारतात, आपल्याच पिट लाईनवर डबे धुतात आणि आपल्याच क्वार्टरांच्या मागच्या वस्तीत राहतात, त्यांच्याविषयी थोडे बोलावयाचे आहे. आणि आपल्या स्वतःच्या चुकीविषयीही.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ठेकेदाराकडे डबे धुण्याच्या कामावर असलेली एक बाई संध्याकाळी आमच्या शाखेच्या ऑफिसात आली. तिचा नवरा रंगकामाला जात असे. तो परांचीवरून पडला आणि मांडीचे हाड मोडले. वस्तीतल्या पोरांनी त्याला रिक्षात घालून जवळच्या मोठ्या इस्पितळात नेले. तेथे आधी अनामत भरा म्हणून सांगण्यात आले. तिने मंगळसूत्र गहाण टाकले आणि उरलेली रक्कम शेकडा दहा रुपये महिना व्याजाने सावकाराकडून उचलली. ऑपरेशन झाले. नंतरच्या औषधपाण्याला पैसे नव्हते म्हणून ती आमच्याकडे आली होती.

"भाऊ, युनियनमधून काही मदत होईल का?" असे तिने विचारले. मी म्हणालो, "ताई, तुम्ही आमच्या सभासद नाही. फंडातून देता येत नाही." हजर असलेल्यांनी वर्गणी काढली. अकराशे रुपये जमले. ते घेऊन ती गेली. आम्हांला वाटले, आपण आपले कर्तव्य केले.

दोन महिन्यांनी ठेकेदाराने ओव्हरटाईम बुडवल्याच्या तक्रारीसाठी त्या बायका पगाराच्या पावत्या घेऊन आल्या. तिची पावती मी हातात घेतली. त्यावर ईएसआयची कपात दिसत होती. म्हणजे ती बाई विमाधारक होती. तिच्या नवऱ्यालाही ईएसआयच्या रुग्णालयात फुकट उपचार मिळू शकत होते. तिचा दहा आकडी विमा क्रमांक ठेकेदाराने तिला कधी दिलाच नव्हता. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ज्या इस्पितळाने अनामत मागितली ते सार्वजनिक न्यासाचे, म्हणजे धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे गरिबांसाठी खाटा राखून ठेवणे बंधनकारक आहे, आणि तातडीच्या वेळी गरीब रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. शिवाय नवरा रंगारी. त्याची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी झालेली असती, तर तेथूनही मदत मागता आली असती.

तीन दारे होती. तिन्ही तिच्या हक्काची. आणि ती गेली सावकाराच्या दारात.

हे तिला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्या दिवशी का नाही सांगितलं, भाऊ?" मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हते. खलाशी म्हणून लागलो त्याला तीस वर्षांवर काळ लोटला. चार्जशीटला उत्तर कसे लिहावे, सिनिऑरिटी लिस्टवर हरकत कशी घ्यावी, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण आपल्याच लाईनवर राबणाऱ्या बाईच्या पावतीवरची एक ओळ मी वाचली नव्हती. हा लेख त्या ओळीपायी लिहीत आहे.

भीक नव्हे, हक्क

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "फुकट" हा शब्द ऐकला की आपल्या स्वाभिमानी कामगाराच्या कपाळाला आठी पडते. परंतु येथे ज्या सेवांविषयी आपण बोलत आहोत त्यांतील बहुतेक कोणाच्या उपकाराने चालत नाहीत. ईएसआय चालते ती कामगाराच्या पगारातून कापलेल्या पाऊण टक्क्यावर आणि मालकाच्या सव्वातीन टक्क्यांवर. बांधकाम मंडळाचा निधी येतो तो बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून. धर्मादाय रुग्णालयांना न्यास म्हणून करात व इतर बाबतींत सवलती मिळतात, काहींना जमीन सवलतीत मिळालेली असते. त्याच्या बदल्यात ही जबाबदारी आहे. सरकारी खर्चाच्या सेवा करांवर चालतात, आणि कर काडेपेटी विकत घेणारासुद्धा भरतो. तेव्हा मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता एकेक दार पाहू. सगळी मोजता येणार नाहीत. जी रोज लागतात तेवढीच घेतो.

आजारपण

गरिबाचे घर आजारपणात बुडते, म्हणून येथून सुरुवात. महिना एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि योजनेच्या कक्षेत येणाऱ्या ठेका कामगाराचा ईएसआय विमा ठेकेदाराने उतरवलाच पाहिजे. त्याने टाळले तर मुख्य मालकाला जबाबदारी झटकता येत नाही. आपल्या बाबतीत मुख्य मालक कोण, हे सांगायला नको. १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्या संहितांविषयीचे आपले मत आपण रस्त्यावर मांडत आहोत, मांडत राहू. पण ठेका कामगाराचा विमा क्रमांक आज मिळवून देणे हे काम त्यासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. त्याप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्णपणे मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यावयाच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावयाची असते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा विचारून घ्यावा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका जवळ ठेवावी. इस्पितळात गेल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाऊ नये, आधी वैद्यकीय समाजसेवकाचे टेबल कोठे आहे ते विचारावे. दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते.

दिल्लीतील आपल्या बांधवांसाठी तेथील नियम वेगळा आहे. सवलतीच्या दरात सरकारी जमीन घेतलेल्या खाजगी रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागात पंचवीस टक्के व आंतररुग्ण विभागात दहा टक्के गरीब रुग्णांवर मोफत उपचार करावेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. इतर राज्यांतही योजना आहेत, फक्त नावे निराळी. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजना, तेलंगणात आरोग्यश्री. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून आहे. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, चौकशीचा क्रमांक १४५५५. सत्तर वर्षांवरील कोणालाही २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता ती मिळू शकते. आपल्या वस्तीतील किती म्हाताऱ्यांना हे माहीत आहे, ते प्रत्येक शाखेने एकदा विचारून पाहावे.

मुंबईच्या पालिका रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स चॅरिटी फंड नावाचा निधी असतो. परळच्या के.ई.एम.मध्ये तो समाजसेवकांच्या विभागामार्फत मिळतो. टाटा रुग्णालय १९४१ पासून देशभरच्या कर्करोग्यांचा आधार आहे. तेथे आलेल्यांच्या राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अगदी थोडक्या पैशांत होते. सेंट ज्यूड नावाची संस्था कर्करोग झालेल्या मुलांना व त्यांच्या आईबापांना मोफत जागा देते. तरीही परळच्या फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेली कुटुंबे रात्र काढताना दिसतात. काही ठिकाणी जागाच अपुरी पडते, हे खरे. पण काही जणांना जागा आहे हेच सांगणारे कोणी भेटत नाही.

ही कुटुंबे आपल्याच गाडीने येतात, म्हणून येथे आपल्या खात्याची गोष्ट सांगतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर व थर्ड एसीमध्ये पूर्ण भाडेमाफी आहे, सोबतच्या माणसाला पाऊण. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, थॅलेसेमिया, क्षय अशा आणखी काही आजारांनाही सवलत आहे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली ती आजतागायत परत दिलेली नाही, आणि त्याविरुद्ध आपण ठराव केलेले आहेत. मात्र रुग्णांच्या सवलती चालू आहेत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला खिडकीवर दाखवावा लागतो. आपले बुकिंग क्लार्क बंधू हे जाणतात. रांगेतल्या माणसाच्या हातात टाटाची फाईल दिसली तर त्याने मागण्याची वाट न पाहता "दाखला आणलाय का?" एवढे विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत.

मनाचा आजार हाही आजारच. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून आहे. रात्री-अपरात्री कोणीही फोन करावा, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा शहराशहरांत होतात. तेथे फी नाही आणि नावाची वाच्यताही नाही. आपल्यातील कितीजण दारूपायी नोकरीतून गेले, त्यांच्या चार्जशीटा आपणच लढवल्या. चार्जशीट येण्याआधी त्यांना या सभेचा पत्ता आपण दिला होता का?

शिधा, शाळा, निवारा

गावाकडचे रेशनकार्ड शहरात चालत नाही, असे अजूनही निम्मी वस्ती मानते. ते आता खरे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्ड असेल तर देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर सगळी राज्ये या व्यवस्थेत आली. माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. रायपूरला काम करणारा यवतमाळचा गडी आपल्या वाट्याचे धान्य तेथे उचलू शकतो आणि बाकीचे त्याच्या घरची मंडळी गावी घेऊ शकतात. दुकानदार "बाहेरचे कार्ड चालत नाही" म्हणाला तर १९६७ वर तक्रार करावी. ज्यांचे नाव यादीतच नाही त्यांचा प्रश्न मात्र मोठा आहे. लाभार्थींची संख्या आजही २०११ च्या जनगणनेवर ठरलेली आहे, आणि मधल्या काळात शहरे फुगत गेली. येथे अर्ज करून भागणार नाही, मागणी लावून धरावी लागेल.

सहा वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडी आहे. ही योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली. आहार, लसीकरण, शाळापूर्व शिक्षण हे सारे तेथे विनामूल्य असते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्याव्या लागतात. अर्जाची मुदत ठरलेली असते. ती उलटून गेल्यावर आईबाप येतात आणि आपण हळहळतो. शाखेच्या फळ्यावर तारीख लिहिली तर हळहळ वाचेल. फलाटावर हरवलेले, पळून आलेले पोर दिसले तर १०९८. हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाईनचा. आज तो सरकारी यंत्रणेत आहे. अडचणीतील बाईसाठी १८१, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी १४५६७. हे चार-पाच क्रमांक प्रत्येक टीसी, पोर्टर, पॉईंट्समनच्या खिशात असले पाहिजेत.

बेघरांच्या निवाऱ्याविषयी सांगतो. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय होईल असा कायमचा निवारा हवा, असे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत ठरले. सर्वोच्च न्यायालयानेही त्याआधी असेच बजावले होते. आपल्या शहराची लोकसंख्या घ्या, भागाकार करा, आणि असे निवारे किती आहेत ते पाहून या. हा हिशेब एकदा केला की फलाटावर झोपलेल्या माणसाला काठीने उठवणे पुरेसे नाही, हे आपोआप कळेल. भुकेच्या वेळी गुरुद्वाऱ्याचा लंगर आहेच. तेथे जात विचारत नाहीत, कागदही मागत नाहीत.

वकील

सर्वांत कमी माहीत असलेले दार हे. राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम आले. त्यानुसार १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल त्याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, आपत्तीग्रस्त, कोठडीतील माणूस, आणि वाचा नीट, औद्योगिक कामगार. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा आहे. तरी ठेकेदाराने पगार बुडवलेला कामगार "वकिलाला कोठून पैसे आणू?" म्हणत गप्प बसतो, आणि आपण मान डोलावतो.

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. फोन १५१००. साध्या कागदावर अर्ज चालतो. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर त्याचीही तक्रार करता येते. सर्वच वकील मन लावून काम करतात असे मी म्हणणार नाही. म्हणूनच कामगाराबरोबर कोणीतरी जावे लागते. सोबत युनियनचा माणूस आहे असे दिसले की टेबलामागचा सूर बदलतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

मग अडते कोठे?

एवढे सारे असताना लोक पोहोचत का नाहीत? पहिले कारण कागद. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. दुसरे कारण वेळ. कार्यालये उघडी असतात तेव्हा रोजंदारीवाला कामावर असतो. एका दाखल्यासाठी तीन खाडे म्हणजे तीन दिवसांची चूल. तिसरे कारण दलाल. ई-श्रमची नोंदणी २०२१ पासून विनामूल्य आहे, तरी तिचे पैसे देऊन आलेली माणसे आमच्याकडे आली. चौथे कारण भाषा. आपल्या मराठी माणसाला हुबळीत, सिकंदराबादेत, बडोद्यात फळ्यावरचे वाचता येत नाही, तसे बिहारी मजुराला पुण्यात वाचता येत नाही. बदली होऊन परमुलुखात गेलेल्या आपल्या लोकांना हे चांगले समजेल. आणि पाचवे कारण लाज व भीती. साहेब ओरडेल, हाकलून देईल ही धास्ती. एकदा हाकलून दिलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

या पाचांपैकी एकाही कारणाला मोठा पैसा लागत नाही. लागतो तो माहीतगार, धीर देणारा आणि सोबत जाणारा माणूस. असा माणूस आपल्याकडे आहे. त्याला आपण युनियनचा कार्यकर्ता म्हणतो.

हे आपले काम आहे काय?

येथे काही जुने सहकारी हरकत घेतील, व घेतलीही आहे. ते म्हणतात, "हे समाजसेवी संस्थांचे काम. युनियनने दाखले काढत बसायचे, तर लढायचे कोणी? शिवाय सरकार कायम नोकऱ्या संपवत आहे, ठेकेदारी आणत आहे, आणि आपण त्या जखमेवर पट्ट्या बांधत बसायचे?" हा आक्षेप खोटा नाही. योजनांच्या जंजाळात कामगाराला याचक करून टाकायचे आणि त्याचे वेतन मात्र वाढवायचे नाही, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. पोटभर वेतन असते तर यांतली निम्मी दारे ठोठवावीच लागली नसती. हे आपण विसरता कामा नये.

परंतु आपला इतिहासही विसरता कामा नये. १९२० साली देशातील पहिल्या कामगार महासंघाच्या स्थापनेत पुढे असलेल्या ना. म. जोशी यांनी त्याआधी, १९११ साली, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. तिचे काम काय होते? गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, आणि गरीब व निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला. म्हणजे आज आपण ज्याला "आपले काम नव्हे" म्हणतो, तेच त्यांनी आधी केले आणि मग महासंघ उभा राहिला. चाळीतल्या माणसाने आधी विश्वास टाकला, मग वर्गणी दिली, मग संपात उतरला. आपण हा क्रम उलटा करू पाहतो आणि ठेका कामगार सभासद होत नाहीत म्हणून कुरकुरतो.

आणखी एक. दार ठोठावल्याशिवाय ते बंद आहे हे सिद्ध होत नाही. दहा रुग्णांना खाट नाकारली गेल्याची तारीखवार नोंद आपल्या वहीत असेल तर ते मोर्च्याचे निवेदन होते. नोंद नसेल तर ती नुसती गप्प राहते. मदत आणि लढा एकाच वहीतून चालतात.

शाखांनी काय करावे

आमच्या शाखेने गेल्या दिवाळीपासून दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ एक टेबल मांडले आहे. सभासद असो वा नसो, कोणीही यावे. फार मोठे काही झाले असे नाही. बावीस ठेका कामगारांचे विमा क्रमांक ठेकेदाराकडून निघाले. पॅन्ट्रीतून काढून टाकलेल्या एका पोराला मोफत वकील मिळाला, केस चालू आहे. एका म्हातारीचे रेशन सुरू झाले. तीन कामे फसली. एक रुग्ण खाट मिळेपर्यंत दगावला. हेही लिहिले पाहिजे, कारण यशाच्याच गोष्टी सांगणारा कार्यकर्ता पुढे खोटे बोलू लागतो. या अनुभवावरून सुचवतो ते असे :

(१) ठरावीक वार, ठरावीक वेळ, आणि ती काहीही झाले तरी पाळणे. दोनदा कुलूप दिसले की तिसऱ्यांदा कोणी येत नाही.

(२) एक वही. कोण आले, कशासाठी, कोठे पाठवले, काय झाले. नाव-पत्ता व आजार यांची वाच्यता बाहेर होता कामा नये.

(३) आपल्या शहराची यादी स्वतः तयार करणे. प्रत्येक ठिकाणी एका कार्यकर्त्याने जाऊन यावे, खिडकी कोणती, वेळ कोणती, कागद कोणते ते पाहावे. ऐकीव पत्ता देऊ नये. चुकीच्या पत्त्यामुळे गरिबाचा एक खाडा फुकट जातो. यादी दर सहा महिन्यांनी तपासावी, कारण योजनांची नावे व नियम बदलतात.

(४) शक्य तेथे सोबत जाणे. निवृत्त सभासदांपाशी वेळही असतो आणि पासही. त्यांच्यासाठी यापेक्षा चांगले काम नाही.

(५) एक पैसाही घेऊ नये, चहासुद्धा नाही. आणि सभासद होण्याची अट घालू नये. ज्याला व्हायचे तो होईल.

(६) महिला कार्यकर्ती टेबलावर असावीच. काही गोष्टी बायका आमच्यापुढे बोलत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

(७) जेथे दार बंद दिसेल तेथे लेखी तक्रार, आणि त्याची प्रत महासंघाकडे.

महाराष्ट्राबाहेरच्या शाखांना खास विनंती. इंदूर, बडोदे, हुबळी, सिकंदराबाद, रायपूर येथील आपल्या मंडळींना तेथली भाषा येते आणि नव्याने आलेल्या मराठी मजुराचीही येते. दोन्ही बाजूंना समजणारी अशी माणसे फार थोडी असतात. तुमचे टेबल केवळ मराठी माणसापुरते ठेवू नका. फलाटावर उतरणारा प्रत्येकजण कोठला तरी परका असतो.

महासंघाच्या पातळीवर तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. रेल्वेच्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येक ठेका कामगाराचा विमा क्रमांक त्याच्या हातात पडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल पास होऊ नये. प्रत्येक मोठ्या स्थानकावर रुग्णसवलती व मदतीचे क्रमांक स्थानिक भाषेत व हिंदीत मोठ्या अक्षरांत लावावेत. आणि ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत परत मिळावी.

मित्रांनो, त्या बाईचे कर्ज अजून फिटलेले नाही. ईएसआयने झाल्या खर्चाचे पैसे द्यावेत म्हणून अर्ज केला आहे, तो फायलीत आहे. नवरा काठी घेऊन चालतो. ती रोज सकाळच्या पाळीला आमच्या ऑफिसावरून जाते आणि दिसलो की "नमस्कार भाऊ" म्हणते. तिच्या मनात राग नाही. पण मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. त्याचे उत्तर तिला आता देता येणार नाही. तिच्या मागून येणारीला मात्र पहिल्याच दिवशी देता येईल. त्यासाठी एक टेबल, एक वही आणि आठवड्याचे दोन तास लागतात. येत्या १ मे पर्यंत प्रत्येक शाखेने एवढे उभे करावे आणि कोणत्या वारी टेबल मांडले ते आम्हांला कळवावे. पुढील अंकात ती यादी छापू.

कामगार एकजुटीचा विजय असो!